चौथ्या सत्राची सही

सकाळी पावणेदहा वाजता डॉ. पुंडलिक मेंढे यांनी, आपण दुपारी चार वाजता सभागृहात हजर होतो, अशी सही केली. सही चांगली आली. पहिल्या सत्राची जरा घाईत झाली होती, दुसरी रकान्याबाहेर गेली, तिसरीला पेन अडलं. पण चौथीपर्यंत हात बसला आणि शेवटची रेघ कशी पाण्यासारखी निघाली. “सर, चारों का अभी कर दीजिए,” गौरव म्हणाला होता, “बाद में लाइन लगती है.” गौरव हा विभागातला सर्वांत तरुण प्राध्यापक, म्हणून जे काम कुणाचंच नसतं त्याचा कायमचा संयोजक. घरी मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की हिंदी. त्याच्या मागे भिंतीवर फलक होता : ‘जबाबदार संशोधन-वर्तन : संशोधन मार्गदर्शक व विभागप्रमुखांचे प्रशिक्षण’. फलकाखालच्या टेबलावर प्रमाणपत्रांचा गठ्ठा. त्यांवर नावं छापून झाली होती, तारीख छापून झाली होती, ‘चारही सत्रे यशस्वीरीत्या पूर्ण केली’ हेही छापून झालं होतं. आता फक्त प्रशिक्षण व्हायचं राहिलं होतं. पुंडलिक सरांच्या मागे अकरा डॉक्टरेट रांगेत उभ्या होत्या आणि सगळ्यांचं लक्ष चहाच्या थर्मासकडे होतं. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. दामिनीचा निरोप : “सर, आज अट्ठाईसवाँ दिन है. चार बजे मशीन मिली है. आप आएँगे ना?” सरांनी फोनकडे पाहिलं, मग रजिस्टरकडे. चौथी सही अजून ओली होती. ओली होती आणि चार वाजताची होती. त्यांना उगीचच बोट लावून बघावंसं वाटलं. लावलं, तर शाई बोटाला आली.

अठ्ठाविसावा दिवस म्हणजे काही श्राद्धाचा दिवस नव्हे. काँक्रीटचा ठोकळा ओतला की तो अठ्ठावीस दिवस पाण्याच्या टाकीत मुरवायचा आणि मग मशीनमध्ये घालून फुटेपर्यंत दाबायचा. कितीला फुटला तो आकडा लिहायचा. संशोधन म्हणजे एवढंच. बाकीची दोनशे पानं त्या आकड्याला झोप लागावी म्हणून अंथरलेली असतात. गिट्टीच्या जागी भट्टीतून निघणारा स्लॅग घालून काँक्रीट तेवढंच मजबूत होतं का, हा दामिनीचा विषय. विषय सरांनीच दिला होता, कारण भिलाईत स्लॅगला तोटा नाही. त्यांच्या नावावरून विभागात एक जुना विनोद होता : पहिल्या पुंडलिकानं देवाला विटेवर ताटकळत ठेवलं, आपले पुंडलिक सर पीएचडीवाल्यांना ठेवतात. सरही हसायचे. हसण्यावर कुठं सही करावी लागत नाही. आजचं प्रशिक्षण मात्र त्यांना घशात अडकलेल्या मुरमुऱ्यासारखं वाटत होतं. चोपन्नाव्या वर्षी, सतरा शोधनिबंध आणि चार डॉक्टर झालेले विद्यार्थी पदरी असताना, कुणीतरी येऊन सांगणार की चोरी करू नये. करू नये हे आपल्याला इथल्याच कोहक्याच्या प्राथमिक शाळेपासून माहीत आहे. पण विद्यापीठाचं पत्र आलं होतं : प्रमाणपत्र नसेल त्याचं नाव मार्गदर्शकांच्या यादीतून वगळलं जाईल. नाव वगळलं की दामिनीचा प्रबंध कुणाच्या सहीनं जमा होणार? शेवटची तारीख तीस. राजनांदगावच्या एका कॉलेजात तिला जागा मिळत होती आणि त्यांना प्रबंध जमा केल्याची पावती दाखवायची होती. म्हणजे हे सगळं तिच्यासाठीच, असं स्वतःला सांगत सर दुसऱ्या रांगेत बसले. दुसरी रांग चांगली. पहिल्या रांगेत प्रश्न विचारतात आणि शेवटच्या रांगेवर लक्ष ठेवतात.

तज्ज्ञ म्हणून नागपूरहून वंदना मॅडम आल्या होत्या. पन्नाशीच्या, सुती साडी, आवाज न चढवता बोलणाऱ्या. अशा बाईंवर चिडायलाही काही हाती लागत नाही. नियम सांगण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. नियम तुम्हाला पाठ आहेत, त्या म्हणाल्या, आपण प्रसंग बघू. मग एका डब्यातून चिठ्ठ्या काढायला लावल्या. पुंडलिक सरांच्या हाती जी चिठ्ठी आली तिच्यावर लिहिलं होतं : ‘सुट्टीच्या काळात तुमच्या विद्यार्थिनीचे काही नमुने खराब झाले आहेत. ती घाबरून फोन करते. तुम्ही काय म्हणाल?’ सरांनी चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागे कोरं. त्यांना वाटलं, मागे आपला फोन नंबर असणार. सभागृहातला पंखा एकदम जवळ आल्यासारखा ऐकू येऊ लागला. ते उठायच्या आतच मेकॅनिकलचे एक गृहस्थ मागून ओरडले, “अरे बोलिए ना सर, आजू-बाजू का लिख दो!” आणि सगळं सभागृह हसलं. खळखळून. विभागप्रमुख हसले, संशोधन अधिष्ठाता हसले, चहाचे कप गोळा करणारी बाई सगळे हसतात म्हणून हसली. वंदना मॅडम मात्र हसल्या नाहीत. “आप लोग हँसे क्यों?” त्यांनी विचारलं. ओरडून नाही, खरोखरच माहिती हवी असल्यासारखं. चाळीस माणसं एकदम टेबलावरच्या पेन्सिलींचं निरीक्षण करू लागली. एखाद्या घरी पाहुण्यानं विचारावं की हा कसला वास येतोय, आणि घरच्यांनी म्हणावं, कसला?

मग पुंडलिक सर उभे राहिले आणि बोलले. काय बोलावं हे त्यांना इतकं स्वच्छ माहीत होतं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. “मी तिला सांगीन,” ते सावकाश म्हणाले, “घाबरू नको. नमुना खराब झाला, असंच लिही. त्याच्या खाली मी सही करतो. प्रबंध लांबला तर लांबला, त्याचं विद्यापीठाला मी सांगीन.” टाळ्या पडल्या. वंदना मॅडमनी मान डोलावली आणि सर्वोत्तम उत्तराबद्दल त्यांना एक झाड बक्षीस दिलं : पांढऱ्या चिनीमातीच्या कपात मनी प्लांट, त्याला तांबडी रिबीन. सर झाड घेऊन जागेवर आले. मांडीवर ठेवावं की पायाशी, हे कळेना. शेवटी पायाशी ठेवलं, तर शेजारच्याचा बूट त्याला लागत होता.

दोन वर्षांपूर्वीचा फोन मात्र मांडीवरही मावत नव्हता आणि पायाशीही. दिवाळीच्या सुट्टीत सर कोहक्याच्या घराच्या गच्चीवर माळा लावत होते, तोंडात दोन खिळे, हातात वायर. दामिनीचा फोन. टाकीचा नळ कुणीतरी बंद केला होता, पाणी आटलं होतं, आठ दिवस ठोकळे कोरडे पडले होते. पूर्ण स्लॅगच्या तीन ठोकळ्यांना तडे. “अब क्या करूँ सर?” ती विचारत होती. मुलगी कुम्हारीची, बाप रेल्वेत गँगमन, निवृत्त होऊन हायवेलगत दोन खोल्या बांधून राहिलेला. घरात दहावीच्या पुढं गेलेली हीच पहिली. सरांनी खिळे तोंडातून काढले. एवढं तरी केलं, हे त्यांना पुढं कित्येक दिवस बरं वाटत असे. “बाकीचे किती आले?” “एकतीस के आसपास, सर.” “मग झालं तर. ह्या तीनचं बाकीच्यांच्या जवळपासचं घे. निबंधाची तारीख जाईल.” पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज. मग “जी सर.” चाचणीचे कागद? ते तर सरांनी सुट्टीला जाण्याआधीच सह्या करून ठेवले होते, दहा कोरे कागद, खाली ‘मार्गदर्शकासमक्ष’ असं छापलेलं आणि त्यावर त्यांची वळणदार सही. त्यांना वाटलं होतं, आपण मुलीची सोय केली. मग दामिनीनं तीन आकडे लिहिले. दोन एकतीसच्या वरचे आणि एक तिसाच्या जरासा वर. तो एक तिनं कमी का लिहिला हे सरांनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं. खरं वाटावं म्हणून.

कळलं होतं कारण ही युक्ती त्यांच्या घरात जुनी होती. केवलराम मेंढे, म्हणजे सरांचे वडील, लाखनीकडची दीड एकर भावाला देऊन मोठ्या प्लांटात भरती व्हायला भिलाईला आले आणि एका लहान फौंड्रीत राहून गेले. ती फौंड्री आता नाही, तिच्या जागी मंगल कार्यालय आहे. केवलरामचं काम भट्टीचं तापमान बघायचं. दर तासाला काट्याकडे बघायचं आणि कागदावर लिहायचं. बघायचं आणि लिहायचं, एकतीस वर्षं. पुंडलिक पाचवीत असताना शाळेत बक्षीस समारंभ होता, दुपारी चार वाजता, आणि पुंडलिकला सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस होतं. सुट्टी मिळाली नाही. तर केवलरामनं दोन वाजताच तीनचा, चारचा आणि पाचचा आकडा लिहून टाकला : आठशे नव्वद, आठशे नव्वद, आठशे पंच्याऐंशी. आणि सायकल काढली. शेवटच्या बाकावर खाकी कपड्यांत बसून त्यानं इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की मास्तरांनी वळून पाहिलं. साडेपाचला परत गेला तर भट्टी ठीक, माल ठीक, कुणी काही विचारलं नाही. एवढीच गोष्ट. पण म्हातारपणी अंगणात खाट टाकून तो ती परत परत सांगायचा आणि प्रत्येक वेळी शेवटाला येऊन चिडायचा. “काहीच झालं नाही, बाबू. तेच त वाईट झालं. भट्टी बिघडली असती त मले समजलं असतं का माह्या पाहन्याले काही किंमत आहे. काहीच झालं नाही, म्हंजे मी रोज उन्हातान्हात पाहून जे लिवत होतो त्याचाबी काही उपेग नव्हता.” पुंडलिक म्हणायचा, “बाबा, तुमी कावून येवढं मनाले लावून घेता?” आणि म्हातारा म्हणायचा, “तुले नाही समजनार. तुयं अक्षर चांगलं आहे.” हे कौतुक होतं की काय होतं, हे पुंडलिक सरांना आजही नक्की सांगता आलं नसतं.

जेवणाच्या वेळी पनीर होतं. प्रशिक्षण कुठलंही असो, पनीर असतं. सरांनी ताटात नुसता भात घेतला आणि खिडकीशी उभे राहिले. त्यांना राग येत होता आणि तो कुणावर काढावा हे ठरत नव्हतं. गौरववर? त्याला काय कळतं. मॅडमवर? बाई नीट होती, हीच तर अडचण. दामिनीवर थोडासा होता. महिन्यापूर्वी ती केबिनमध्ये येऊन उभी राहिली होती. “सर, वो तीन क्यूब मैंने फिर से डाले हैं.” गरज काय, त्यांनी विचारलं होतं; निबंध छापून आला, बाहेरच्या दोघांनी आपल्या निबंधांत त्याचा आधार घेतला, आता प्रबंध बांधायला टाकायचा. दामिनी नखानं टेबलाची कड खरवडत राहिली होती, म्हणाली, “ऐसे ही सर. देखना है.” बघायचं आहे! जसं काही बघण्याची सोय आपण बंद केली होती. अर्थात केली होती. हेच सरांना सहन होत नव्हतं, की वादाला सुरुवात करताच आपण हरतो आणि समोर कुणी नसतानाही हरतो. तिसऱ्या सत्रात ‘नेतृत्व आणि आदर्श’ होतं. त्यात विद्यार्थी मार्गदर्शकाच्या शब्दांपेक्षा त्याच्या सवयी उचलतात, असं एक वाक्य पडद्यावर आलं. सगळ्यांनी ते लिहून घेतलं. पुंडलिक सरांनी लिहिलं नाही. पावणेचार वाजता ते उठले. शेजारच्यानं गुडघे बाजूला घेत हळूच विचारलं, “साइन हो गया ना?” सरांनी मान हलवली. “फिर जाइए ना, आराम से,” तो प्रेमानं म्हणाला.

प्रयोगशाळा मागच्या इमारतीत, तळमजल्यावर. दामिनीनं ठोकळे टाकीतून काढून, पुसून, ओळीनं मांडले होते. तिनं सरांकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. ती त्यांची वाट बघत होती पण ते येतील असं तिला वाटलं नव्हतं, हे त्यांना स्पष्ट दिसलं आणि आवडलं नाही. या मशीनच्या घड्याळात दोन सुया असतात. काळी दाब वाढेल तशी पुढे जाते आणि तांबडीला ढकलत नेते. ठोकळा फुटला की काळी मागे येते, तांबडी तिथंच राहते. सरांनी हे शंभर वेळा वर्गात सांगितलं होतं. स्वतः उभं राहून शेवटचं कधी पाहिलं होतं, आठवेना. पहिला ठोकळा बराच वेळ काही बोलला नाही. मग एका कोपऱ्यातून बारीक चुरचुर, आणि धप्प. “कितना, सर?” दामिनी विचारत होती. तिनं पेन्सिल धरली होती पण डायलकडे पाहत नव्हती. बघायचं सरांनीच होतं. “पाचशे साठ,” ते म्हणाले. डायलवरचा भार क्षेत्रफळानं भागून निबंधातले तीस-एकतीस यायला निदान पावणेसातशे हवे होते. दुसरा : पाचशे पंच्याहत्तर. तिसरा : पाचशे पन्नासच्या जरा खाली. क्षणभर सरांच्या जिभेवर ‘पाचशे पन्नास धर’ आलं, सवयीनं, निरुपद्रवी, जसा पाहुण्यांना ‘बसा’ म्हणायचा शब्द येतो. “पाचशे अठ्ठेचाळीस,” ते म्हणाले. दामिनीनं लिहिलं. म्हणजे पूर्ण स्लॅगचं काँक्रीट तेवढं मजबूत नव्हतं. वाईट नव्हतं, अंगणात फरशीखाली चाललं असतं. पण निबंधात लिहिलं होतं तसं नव्हतं. निबंध मागे घ्यावा लागणार, प्रबंधाचं चौथं प्रकरण परत लिहावं लागणार. “जमेल,” सर म्हणाले, “तीस तारखेच्या आत प्रकरण होईल. निबंधाचं पत्र मी लिहितो.” आणि त्यांना एकदम हलकं वाटलं. इतकं हलकं, की इतक्या सोप्या गोष्टीसाठी दोन वर्षं का लागली, याचाही राग आला.

दामिनीनं कागद पुढं केला. ‘मार्गदर्शकासमक्ष. दिनांक. वेळ.’ सरांनी मनगटावर बघून लिहिलं, चार वाजून बावीस मिनिटं, आणि पेन सहीसाठी टेकवलं. “सर,” दामिनी म्हणाली, “चार से साढ़े पाँच तो आपका ट्रेनिंग था ना?” पेन थांबलं. “सही सकाळीच केली,” सर म्हणाले. “चारही सत्रांची. सगळ्यांनीच केली.” दामिनी ठोकळ्याचा चुरा हातरुमालानं एका बाजूला ढकलत राहिली. ती आणि सर कॉलेजात कधी मराठीत बोलत नसत. घरची भाषा घरी. आता ती मराठीत बोलली, आणि सर सावध झाले, जसं आईनं पूर्ण नावानं हाक मारली की पोर होतं.

“म्हंजे कागदावर तुमी तिकडे आहा.”

“हो.”

“मंग इथं कोन आहे जी?”

सरांनी पेन कागदावरून उचललं.

“उद्या कोनी तपासलं,” दामिनी म्हणाली, “आन तपासतीलच, आपन निबंध मांगे घेऊन राहिलो त पहिले हेच मांगतील. त तिथली सही म्हनन, सर सभागृहात होते. मंग हा कागद खोटा. जिंदगीत एक कागद खरा केला सर, तोच खोटा ठरन.”

सर स्टुलावर बसले. स्टूल एका पायानं लंगडं होतं, विभागातलं सगळं फर्निचर असतं तसं. अख्ख्या दिवसाचा वैताग आता एका ठिकाणी येऊन उभा राहिला आणि त्याचं तोंड त्यांच्याच तोंडासारखं होतं. “तुला माहीत आहे का काय होईल?” ते म्हणाले. “ती सही काटली तर तीनच सत्रं होतात. तीन सत्रांना प्रमाणपत्र नाही. पुढची बॅच जानेवारीत. तोवर माझं नाव यादीत नाही. तीस तारखेला तुझा प्रबंध जमा होणार नाही. सहा महिने. राजनांदगाववाले थांबतील?” ते जवळजवळ ओरडत होते. “नाही थांबनार,” दामिनी म्हणाली. “मग? आपण दुसरं काही बघू. ह्याच्यावर वेळ साडेपाचची टाकू—” आणि ते थांबले. वाक्य अर्धं बाहेर आलं होतं आणि आता परत आत जात नव्हतं. दामिनीनं ते ऐकलं. तिनं रागावलेलं तोंडही केलं नाही. उलट तिला हसूच आलं, थकलेलं, बसमध्ये जागा न मिळाल्यावर येतं तसं. “बघा,” ती म्हणाली, “तुमाले बी एकदम सुचते.”

“सहा महिने म्हणजे थोडे नाहीत, दामिनी.”

“दोन वर्स झाले मी ते तीन आकडे झोपेत म्हनते, सर. माय विचारते, का बडबडून राहिली व? तिले वाटते, कोनाचा फोन नंबर आहे. सहा महिन्याचं का घेऊन बसले?” तिनं कागद परत त्यांच्याकडे सरकवला. “तुमी सही करा. आन तिकडची काटा जी.”

सभागृहात पोचेपर्यंत सव्वापाच झाले होते आणि खुर्च्या रचणं चाललं होतं. वंदना मॅडमची गाडी होती म्हणून चौथं सत्र दहा मिनिटांत आटोपलं होतं, आभारांसकट. गौरव एकटाच टेबलाशी बसून उरलेली प्रमाणपत्रं पाकिटात घालत होता. सरांनी रजिस्टर ओढलं, स्वतःची ओळ शोधली आणि चौथ्या रकान्यावर आडवी रेघ मारली. “सर! सर! ये क्या कर रहे हैं?” गौरवनं दोन्ही हातांनी रजिस्टर धरलं. “खाडाखोड चलत नाही सर! ये शीट ऊपर जाती है!” घाबरून तो मध्येच मराठीत गेला होता.

“मी नव्हतो चार वाजता.”

“तो मत रहिए ना सर, कौन बोल रहा है? पर काटिए मत.”

“नव्हतो, म्हणून काटतोय.”

“सर, आधे लोग नहीं थे,” गौरव कळवळून म्हणाला. “और सच बोलूँ तो सेशन भी कहाँ था? आप जहाँ नहीं थे, वहाँ कुछ था ही नहीं.”  दिवसभरात या सभागृहात बोललं गेलेलं ते सर्वांत प्रामाणिक वाक्य होतं आणि ते चुकीच्या बाजूनं आलं होतं. त्यांनी रकान्यात लिहिलं : ‘गैरहजर. ३.४५ ला गेलो.’ अक्षर सुंदर आलं, ते काही त्यांच्या हातात नव्हतं. गौरवनं वाचलं. बराच वेळ वाचलं, तीन शब्दांच्या मानानं. मग तो हरल्यासारखा खुर्चीत बसला आणि म्हणाला, “अब गैरहजर लिखा है तो इसके नीचे साइन कीजिए. वरना कल मुझे पूछेंगे, किसने काटा.” सरांनी सही केली. गौरवनं मेंढे यांचं प्रमाणपत्र गठ्ठ्यातून काढलं, त्याचं आता काय करायचं हे नियमांत नव्हतं, म्हणून ते टेबलावर पालथं ठेवलं. सर जिना उतरत होते तेव्हा तो मागून धावत आला. “सर! आपका पौधा!” “ते माझं नाही, गौरव.” “लिस्ट में आपका नाम है सर,” गौरव म्हणाला आणि झाड त्यांच्या हातात कोंबून परत पळाला. आणखी एका कागदावरून नाव कमी करायची त्याची आज ताकद नव्हती.

फाटकाबाहेर दामिनी बससाठी उभी होती. ऊन उतरलं होतं, हायवेवर ट्रकांची धूळ. चाचणीचा कागद तिनं वहीत घालून वही छातीशी धरली होती. “काटलं का जी?”

“काटलं.”

“मंग झालं.” तिनं एक मोठा श्वास सोडला. राजनांदगावचं नाव दोघांनीही काढलं नाही. मग तिचं लक्ष रिबिनीकडे गेलं. “हे का आहे सर?”

“बक्षीस.”

“कायचं?”

“उत्तराचं.” सर दुसरीकडे बघू लागले. रायपूरकडून उलट दिशेनं एक रिकामी बस गेली. “मॅडमनी प्रसंग दिला होता. मुलीचे नमुने खराब झाले, ती फोन करते, तर काय म्हणाल, असा.”

दामिनी हलली नाही. “मंग तुमी का म्हनलं?”

सांगायला नको होतं. सभागृहात चाळीस माणसांसमोर जे वाक्य कसं तेल लावल्यासारखं निघालं होतं, ते इथं एका माणसासमोर निघेना. सरांनी झाड या हातातून त्या हातात घेतलं. “म्हनलो,” ते म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच कळलं नाही की आपण लाखनीकडचं बोलतोय, बापासारखं, “म्हनलो का, घाबरू नोको. नमुना खराब झाला, असंच लिव. त्याच्या खाली मी सही करतो.”

कुम्हारीची बस वळणावर दिसली. दामिनी तिच्याकडे बघत नव्हती. तिचे डोळे भरले असावेत किंवा धूळ असावी. सरांनी तपासलं नाही, ते नजर खाली घालून उभे होते. बस येऊन थांबली, कंडक्टरनं दार बडवलं, चलो चरोदा-कुम्हारी-रायपूर, जल्दी. दामिनीनं वही काखेत मारली आणि दोन्ही हात पुढं केले.

“आना इकडे,” ती म्हणाली. “हे माह्यं आहे.”

आणि झाड घेऊन ती बसमध्ये चढली.